शिळं पाणी

आमच्या पुण्यात गुरुवार हा दत्ताचा वार आहे, तसाच तो महापालिकेचाही वार आहे. जलकेंद्रात दुरुस्ती निघाली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी चौकट येते : "गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल." ही दोन वाक्यं इतकी वर्षं वाचते आहे की शाळेतल्या प्रतिज्ञेसारखी पाठ झाली आहेत. निवृत्त झाल्यापासून माझंही सगळं 'उशिरा व कमी दाबाने' चालतं, असं आमचे 'हे' म्हणतात. असो.

तर अशी चौकट आली की बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी भरण्याचा कार्यक्रम सुरू होतो. मोरीतलं पिंप, दोन बादल्या, तीन घागरी, पातेली, कुकर, शेवटी चहाची किटलीसुद्धा. आम्ही माणसं दोनच. त्यात इमारतीला खाली टाकी, वर टाकी. एका दिवसानं काही बिघडत नाही, हे मला कळतं. पण हात ऐकत नाही.

मागच्या उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारची गोष्ट. सकाळी साडेआठला नळ फुसफुसला, खोकला आणि वाहू लागला. मी नेहमीप्रमाणे घागरी उपड्या करायला घेतल्या. पोळ्या-भांड्यांना येणाऱ्या मावशी ओट्यापाशी होत्या. (वयानं त्या माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहेत, पण नातवंडं त्यांना मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते.) त्यांनी विचारलं, "आजी, काय झालं पाण्याला?"

"काही नाही हो, शिळं झालंय."

त्या थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, "आजी, टाकू नका. दोन कॅन आहेत माझ्याकडं रिकामे. आमच्यात काल नाही आलं न् आज बी येईल का सांगता येत नाही. वर चढतच नाही ते."

त्यांची वस्ती टेकडीच्या उतारावर आहे. 'कमी दाबाने' हे शब्द मी ज्या सहजतेनं वाचते, त्यांचा तिथला अर्थ 'येणार नाही' असा आहे हे मला त्या दिवशी कळलं. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, पण या दोन शब्दांचा अर्थ एका चौथी शिकलेल्या बाईनं मला सांगितला.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. शहर आपल्या माणसांना पाणी जपायला कसं शिकवतं? आणि आम्ही शिकतो का?

'शिळं पाणी' ही गोष्ट माझ्या मनात कुठून आली ते आधी सांगते. माझं लहानपण पेठेतल्या वाड्यात गेलं. चौकात आड होता आणि गल्लीच्या टोकाला कात्रजच्या पाण्याचा हौद. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी भुयारी नळानं शहरात आणलं, त्यातला हा एक. आजी रोज पहाटे घागर घासायची, रात्रीचं पाणी तुळशीला आणि चौकातल्या अबोलीला घालायची आणि मग नवं भरायची. म्हणजे तिचं शिळं पाणी मोरीत जात नव्हतं, झाडाला जात होतं. पुढे वाडा गेला, तुळस गॅलरीतल्या एका कुंडीत आली आणि आड बुजला. 'शिळं' हा शब्द मात्र राहिला, आणि पाण्याला जायला वाट उरली ती फक्त मोरीची.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, तेव्हा मी दहा वर्षांची होते. पुराबद्दल पुण्यात सगळ्यांनीच लिहिलं आहे, त्यात मी भर घालत नाही. पूर ओसरल्यावरचे दिवस मला जास्त आठवतात. सगळीकडे चिखल आणि नळ कोरडे. ज्या नदीनं घरं बुडवली, तिचंच पाणी प्यायला नाही. आम्ही पोरं हौदावर रांगेत उभी. आई एका बादलीत चौघांना न्हाऊ घालायची आणि ते पाणी चिखल धुवायला ठेवायची. तिला कुणी 'जलसाक्षरता' शिकवली नव्हती. बादलीचा तळ दिसत होता, एवढंच. माणूस पाणी जपतो तो तळ दिसला की. नळाला तळ नसतो, ही खरी अडचण आहे.

आता शहर काय काय करतं ते पाहू. पहिला उपाय म्हणजे उपदेश. 'पाणी हेच जीवन', 'पाणी जपून वापरा', 'थेंब थेंब वाचवा'. यात मी स्वतः गुन्हेगार आहे. दर वर्षी २२ मार्चला, जागतिक जलदिनी, मी शाळेत निबंध स्पर्धा घेत असे. विषय ठरलेला : 'पाणी नसते तर'. एका वर्षी पहिला नंबर आलेल्या मुलाचा निबंध वाचून माझे डोळे पाणावले होते. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तोच मुलगा नळाच्या तोटीवर अंगठा दाबून मित्रांवर फवारा उडवत होता. मी त्याला ओरडले. आज वाटतं, त्याचं काय चुकलं? निबंधाचे गुण होते, तोटी बंद करण्याचे नव्हते.

दुसरा उपाय म्हणजे कपात. सप्टेंबर २०१५ पासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुण्याला एक दिवसाआड पाणी होतं. मे २०२३ मध्येही एल निनोमुळे पाऊस लांबेल या धास्तीनं आठवड्यातून एकदा, गुरुवारीच, पाणी बंद ठेवायचं ठरलं होतं. कपातीनं धरणातलं पाणी थोडं लांबतं हे खरं. पण घरात काय होतं ते मी वर सांगितलंच आहे. माणूस वापरतो त्यापेक्षा जास्त भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ओततो. ज्याच्याकडे टाक्या आहेत त्याला कपात कळतच नाही, आणि ज्याच्याकडे दोन हंडे आहेत त्याचं घर त्या दिवशी अडून बसतं. म्हणजे कपात होते ती मावशींची, आणि बचतीचं पुण्य लागतं आम्हाला!

तिसरा उपाय सवलतीचा. पावसाचं पाणी जिरवण्याची सोय केली, सौर ऊर्जा वापरली किंवा गांडूळखत केलं, तर पुणे महापालिका मिळकतकरात पाच टक्के सूट देते. दोन गोष्टी केल्या तर दहा टक्के. योजना चांगली आहे. आमच्या सोसायटीलाही ही सूट मिळते, माझ्या बिलावर दर वर्षी दिसते. मागच्या जूनमध्ये मी प्रथमच वॉचमनला घेऊन तो खड्डा पाहायला गेले. इमारतीच्या मागे, स्कूटर लावतात तिथे. झाकण उघडायला पहार लागली. आत गाळ, दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक क्रिकेटचा चेंडू. गच्चीवरून येणारा पाइप तर मधूनच तुटलेला होता. पाऊस सरळ गटारात जात होता, आणि सूट आमच्या खिशात. किती वर्षं, कोण जाणे. मी मुलांना कॉपी करताना पकडलं की आईवडिलांना बोलावत असे. इथे कुणाला बोलावणार?

खड्डा आम्ही साफ करून घेतला, पाइप जोडला. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "काकू, तपासायला कोण येतंय?" त्यांचं म्हणणं वाईट हेतूनं नव्हतं. पण नेमकं इथेच शहराचं चुकतं. सूट देताना एकदा पाहिलं जातं, आणि खड्ड्याला गरज असते ती दर वर्षी मे महिन्यात पाहण्याची.

याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. नोकरीनिमित्त तो दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला काही वर्षं होता, २०१८ चा दुष्काळ त्यानं तिथे काढला. चहा पिता पिता मी त्याला मावशींची गोष्ट सांगितली, आणि मग तो दोन तास बोलत बसला.

२०१५ पासून सलग तीन वर्षं तिथे पाऊस कमी झाला. मग शहरानं जाहीर केलं की धरणांतला साठा साडेतेरा टक्क्यांवर आला की बहुतेक घरांचे नळ बंद होतील. त्या दिवसाला नाव दिलं 'डे झिरो', शून्य दिवस. त्यानंतर माणशी रोज पंचवीस लिटर, तेही सुमारे दोनशे ठिकाणी पोलीस-सैन्याच्या बंदोबस्तात रांग लावून. तो दिवस टळावा म्हणून १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी पन्नास लिटरची मर्यादा घातली. अंघोळ, स्वयंपाक, पिणं, संडास, कपडे, सगळं पन्नासात. "बाई, मी परातीत उभा राहून अंघोळ करायचो आणि ते पाणी फ्लशला वापरायचो," तो म्हणाला. (त्याची आई वाड्यात हेच करत असणार, पण ते असो.)

मला सर्वांत नवल वाटलं ते त्यांच्या नकाशाचं. जानेवारी २०१८ मध्ये महापालिकेनं इंटरनेटवर शहराचा नकाशा टाकला. ज्या घराचा पाणीवापर महिन्याला साडेदहा हजार लिटरच्या आत, त्या घरावर हिरवा ठिपका. जो जास्त वापरेल त्याला लाल ठिपका नाही, त्याची बदनामी नाही; फक्त हिरवा ठिपका नाही. लोक सकाळी उठून आपला ठिपका पाहायचे, आणि शेजाऱ्याचाही. "हा खासगी गोष्टीत डोकावण्याचा प्रकार आहे," असा आरडाओरडाही झाला म्हणे. तो आरोप अगदीच खोटा आहे असं मला वाटत नाही. पण वर्गात पुढच्या बाकावर बसलेल्या मुलाला तारा मिळाला की मागच्या बाकावरचा कसा सावरून बसतो, हे मला ठाऊक आहे.

आकडे पाहिले तर तीन वर्षांत त्या शहराचा पाणीवापर निम्म्याच्याही खाली आला. शून्य दिवस आला नाही. हे सगळं ठिपक्यांनी केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पाण्याचे दर भरमसाट वाढवले, नळांतला दाब कमी केला, मर्यादा मोडणाऱ्यांच्या घरी पाणी रोखणारी यंत्रं बसवली. डोंगरापलीकडच्या फळबागायतदारांनी आपल्या धरणातलं एक हजार कोटी लिटर पाणी शहराला सोडलं. आणि २०१८ च्या पावसाळ्यात पाऊसही आला. हेही लक्षात ठेवायला हवं की तिथल्या झोपडवस्त्यांचा वाटा शहराच्या एकूण वापरात पाच टक्क्यांहूनही कमी होता. तिथे लोक पहिल्यापासून सार्वजनिक नळावर रांग लावूनच पाणी भरत होते. त्यांच्यापैकी अनेकांनी विचारलं म्हणे, "तुमचा शून्य दिवस आमचा रोजचा आहे, त्याचं काय?" हे ऐकलं आणि मला मावशींचे दोन कॅन आठवले.

आणि आपल्याला इतकं लांब जायला तरी कशाला हवं? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचं १४४ कलम लावलेलं. माझी एक मैत्रीण तिथे होती. ती म्हणायची, "घरात तूप सांडलं तर चालेल, पाणी नको." गाडीचे फोटो आम्ही पुण्यात मोठ्या हळहळीनं पाहिले. फोटो पाहताना आमच्या वरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप वाहत होता की नाही, ते मात्र आम्ही पाहिलं नाही.

विद्यार्थी गेल्यावर मी घरातल्या नळांकडे नीट पाहिलं. मोरीतला एक नळ ठिबकत होता. किती दिवस? ठाऊक नाही. वॉशर बदलायचं 'लक्षात होतं'. मी त्याच्याखाली लिटरभराचा तांब्या ठेवला आणि घड्याळ पाहिलं. तांब्या भरायला बरोबर एक तास लागला. म्हणजे दिवसाला चोवीस लिटर. केप टाउनला शून्य दिवशी एका माणसाला मिळणार होतं पंचवीस. माझी मोरी गुपचूप एका माणसाचा वाटा पीत होती.

मग मला खूळच लागलं म्हणा ना. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्राची फेकपाण्याची नळी बादलीत सोडली. एक तांब्या शुद्ध पाण्यामागे जवळजवळ तीन तांबे बाहेर. आमच्याकडे धरणाचं गोडं पाणी येतं, त्याला हे 'आरओ' यंत्र लागतं तरी कशाला? क्षारांचं प्रमाण लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे असली यंत्रं नकोत, असं राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ मध्ये म्हटलं होतं. मुलानं प्रेमानं आणलेलं यंत्र, काढायला जड गेलं. पण काढलं.

आता सोसायटीची गोष्ट, आणि माझ्या कबुलीजबाबाचा भाग. समान पाणीपुरवठा योजनेत महापालिकेनं शहरभर मीटर बसवायला घेतले. २०१९ मध्ये आमच्या इमारतीपाशी माणसं आली, तेव्हा सोसायटीनं त्यांना हरकतीचं पत्र दिलं. 'आम्ही नियमित पाणीपट्टी भरतो, मीटर हा नागरिकांवर अविश्वास आहे, आधी महापालिकेनं आपली गळती थांबवावी,' वगैरे. ते पत्र मी लिहिलं होतं. शुद्धलेखन निर्दोष होतं, सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे मीटर बसलाच, पण तो वाचायला आमच्यापैकी कुणी वाकलं नाही. त्याप्रमाणे बिल अजून आलेलं नाही, पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते. मग कोण कशाला वाकेल?

मी वाकले. म्हणजे वॉचमन वाकला, मी वहीत लिहिलं. सात दिवस, रोज सकाळी सहाला. आमच्या चोवीस घरांत ब्याऐंशी माणसं. सात दिवसांत पाणी आलं एकशे अडतीस हजार लिटर. भागाकार करून पाहा : माणशी रोज दोनशे चाळीस लिटर. शहरातल्या माणसाला पुरेसं म्हणून मानलेलं प्रमाण आहे एकशे पस्तीस. बोअरचं पाणी मी यात धरलेलंही नाही.

हा आकडा मी सोसायटीच्या फळ्यावर खडूनं लिहिला. खाली फक्त 'मानक : १३५'. एक शब्द उपदेशाचा नाही. (हे मला फार जड गेलं!) दोन दिवसांत चार जण घरी येऊन गेले. एकानं माझा भागाकार तपासला. एकीनं सांगितलं की पहाटे तिच्या खिडकीबाहेर रोज धो धो पाणी पडतं. पाहिलं तर वरच्या टाकीतला बॉलकॉक निकामी. मोटर चालू राहायची आणि पाणी तासन्‌तास ओव्हरफ्लोच्या पाइपातून खाली. तो बदलला. तिघांनी आपापले फ्लश दुरुस्त केले. गाड्या पाइपनं धुणं एका मुलानं स्वतःहून बंद केलं. महिन्यानं पुन्हा सात दिवस मोजलं : एकशे नऊ हजार, म्हणजे माणशी एकशे नव्वद. अजून जास्तच आहे. पण कुणाची अंघोळ बंद झाली नाही, कुणाची तक्रार नाही, आणि आठवड्याला एकोणतीस हजार लिटर वाचले.

म्हणून माझं मत आता २०१९ च्या पत्राच्या अगदी उलट झालं आहे. शहराला आपल्या माणसांकडून पाणी जपून हवं असेल तर आधी त्यांना त्यांचा आकडा दाखवावा. तो वीजबिलासारखा दर महिन्याला घरी यावा, शेजारी मानक छापावं, मागच्या वर्षी याच महिन्यात किती वापरलं तेही छापावं. आणि मग त्याप्रमाणे पैसे घ्यावेत. पहिला टप्पा, जगायला लागतं तेवढं पाणी, अगदी स्वस्त. त्यापुढे चढत्या पायऱ्या. हे काही आकाशातलं स्वप्न नाही. कराडजवळच्या मलकापूरनं, एका लहानशा नगरपंचायतीनं, २००९ च्या सुमारास घरोघर मीटर, टप्प्याटप्प्यानं वाढणारे दर आणि चोवीस तास पाणी असं करून दाखवलं. नळाला केव्हाही पाणी येतं म्हटल्यावर लोक पिंपं भरून ठेवायचे थांबले. आणि भरलंच नाही की शिळंही होत नाही!

माझे काही ब्लॉगमित्र आता लिहितील की मीटर म्हणजे गरिबांवर बोजा. मला उलट वाटतं. आज मिळकतीच्या करपात्र मूल्यावर पाणीपट्टी घेतात. एकदा ती भरली की मी चोवीस लिटर मोरीत सोडले काय नि दोनशे चाळीस सोडले काय, माझं बिल तेवढंच. आणि मावशी टँकरमागे धावतात त्या दिवशी त्यांची मजुरी बुडते. तेही पाण्याचं बिलच आहे, फक्त कागदावर येत नाही.

दुसरा आक्षेप माझाच जुना : आधी महापालिकेनं गळती थांबवावी. तो आजही खरा आहे. वाहिन्यांमधून तीस-चाळीस टक्के पाणी गळतं, हे महापालिकाच वर्षानुवर्षं सांगत आली आहे. मला बॉलकॉकचा हिशोब द्यायला लावणाऱ्यांनी आपलाही हिशोब फळ्यावर लिहिला पाहिजे. कोणत्या भागात किती सोडलं, किती पोचलं, किती हरवलं. केप टाउनचा ठिपका घरावर होता. आपल्याकडे पहिला ठिपका महापालिकेच्या टाकीवर लावावा. पण त्यांचा नळ ठिबकतो म्हणून माझा ठिबकू देणं, हे 'त्यानं आधी मारलं बाई' या जातीचं उत्तर झालं. ते मी कधी कुणाचं चालवून घेतलं नाही.

आणखी एका माणसाचा आकडा या वहीत यायला हवा. माझे धाकटे दीर इंदापूर तालुक्यात शेती करतात. खडकवासल्यातून निघणारा कालवा दोनशे किलोमीटर जातो, त्याच्या शेवटाकडे त्यांचं रान. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे एकोणतीस टीएमसी पाणी मावतं. त्यातूनच आम्ही पितो आणि त्यातूनच त्यांचं आवर्तन सुटतं. शहर वाढलं की आवर्तन पुढे ढकललं जातं. फोनवर एकदा ते म्हणाले, "वहिनी, तुमचं एक दिवस पाणी बंद असलं तरी पेपरात चौकट येते. आमची पाळी हुकली तर उभं पीक जातं, त्याची चौकट कोण छापतं?" मी काही बोलले नाही. बोलायला काय होतं? आमच्या सोसायटीनं आठवड्याला वाचवलेल्या एकोणतीस हजार लिटरनं त्यांचं रान भिजणार नाही, हे मलाही कळतं. पण पुण्यात आमच्यासारख्या सोसायट्या किती आहेत? आणि शहर जे वापरतं ते सांडपाणी होऊन निघतं. ते नीट शुद्ध करून मुंढव्याहून कालव्यात सोडायचं, शेतीला द्यायचं, हेही ठरलेलंच आहे. ठरलेलं पुरेसं आणि स्वच्छ पोचावं, एवढंच शेतकऱ्यांचं मागणं असतं.

शेवटी मावशींबद्दल. त्या दिवशी मी त्यांचे दोन्ही कॅन भरून दिले. पुढच्या पाणीबंदीलाही दिले. मग एकदा मीच आठवण केली, "मावशी, कॅन आणा हं, उद्या बंद आहे." त्या हसून म्हणाल्या, "आजी, किती दिवस तुमचं शिळं पाणी नेऊ? आमच्याच नळाला येईल असं काय तरी लिवा की. तुम्हाला लिवता येतं ना?"

तर लिहिलं आहे. यावेळी पत्र महापालिकेलाही दिलं आहे : आमच्या इमारतीचे दोन्ही आठवड्यांचे आकडे, मीटरप्रमाणे बिल पाठवा ही विनंती, आणि मावशींच्या वस्तीला पाणी चढत नाही ही तक्रार, त्यांच्या गल्लीतल्या अकरा जणींच्या सह्यांनिशी. पोच मिळाली आहे. उत्तर अजून नाही. 'उशिरा व कमी दाबाने' येईल कदाचित.

तुम्ही एवढंच करा. आज रात्री घरातल्या ठिबकणाऱ्या नळाखाली एक तांब्या ठेवा आणि तो किती वेळात भरतो ते मला कळवा. भाच्यांनो, पुतण्यांनो, 'आमच्याकडे नळ ठिबकत नाही' हे उत्तर तांब्या ठेवल्याशिवाय चालणार नाही. बाईंना कळतं.